नवे इंजिन रुळावर ठेवले आणि हललेच नाही : मॉडेल रेल्वेतील सदोष इलेक्ट्रॉनिक वस्तू कशा तपासाव्यात आणि परत कशा कराव्यात

सात-आठ महिन्यांपूर्वी नोंदवून ठेवलेले इंजिन अखेर घरी यावे, हलक्या हाताने फोममधून काढून ते रुळावर ठेवावे, कंट्रोलरवर कारखान्यातून आलेला ३ हा पत्ता (इंजिनाचा ओळखक्रमांक) टाकून गतीची कळ फिरवावी, आणि इंजिनाने समोरचा दिवा तेवढा लावून जागीच उभे राहावे, हा प्रसंग मॉडेल रेल्वेचा छंद असणाऱ्या बहुतेकांवर कधी ना कधी येतो. अशा वेळी आपण एक तर ‘वस्तूच खराब निघाली’ असे ठरवून लगेच विक्रेत्याला लिहायला बसतो, नाही तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन इंजिन उघडतो. पहिल्या घाईत चांगले इंजिन विनाकारण साता समुद्रांपलीकडे जाते आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन दोन महिन्यांनी परत येते. दुसऱ्या घाईत खरोखर सदोष असलेल्या इंजिनाची हमी आपल्याच हाताने संपते. पुढे दिलेला क्रम या दोन्ही नुकसानांपासून वाचण्यासाठी आहे. त्यामागचे सूत्र एवढेच की, जी वस्तू चांगली असल्याची आपली खात्री आहे तिच्याच साहाय्याने नवी वस्तू तपासायची, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

उदाहरणे मी एचओ प्रमाणाची, म्हणजे १:८७ आकाराची आणि १६.५ मिलिमीटर रूळमापाची घेतली आहेत. १:१६० च्या एन प्रमाणालाही बहुतेक सर्व तसेच लागू पडते. नियंत्रणाची पद्धत डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल, धरली आहे. तीत कमांड स्टेशन हे नियंत्रक यंत्र रुळांतूनच वीज आणि हुकूम पाठवते, आणि इंजिनातला डीकोडर हा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग आपल्या पत्त्यावरचे हुकूम ओळखून मोटर, दिवे आणि आवाज चालवतो. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या कामावर आधारलेली ही पद्धत अमेरिकेतील एनएमआरए (नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन) या १९३५ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९९० च्या दशकात मानक म्हणून स्वीकारली. त्यामुळे एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या कमांड स्टेशनवर चालायला हवा, आणि आपले इंजिन मित्राच्या घरी नेऊन तपासण्याला जो अर्थ आहे तो या मानकामुळेच.

आधी तपासणीचा रूळ

नवी वस्तू कधीही थेट लेआउटवर, म्हणजे मांडलेल्या पूर्ण रेल्वेवर, तपासू नये. लेआउटवर सांधे, क्रॉसिंग, उलटफेऱ्याचे वेटोळे, सिग्नलच्या तारा असे बरेच काही असते, आणि दोष नक्की कुठला हे तिथे कळत नाही. एक मीटर लांबीची फळी घ्यावी, तिच्यावर नवा सरळ रूळ ठोकावा आणि त्याला दोन खांबी, दोन दिशांचा स्विच लावून एका बाजूला कमांड स्टेशनचा प्रोग्रॅमिंग ट्रॅक (डीकोडरची सेटिंग वाचण्या-लिहिण्याचे आउटपुट) आणि दुसऱ्या बाजूला मुख्य आउटपुट जोडावे. मुख्य आउटपुटच्या एका तारेत मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा दिवा एकसर जोडावा. तो कोणत्याही ऑटो स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. इंजिनात शॉर्ट असेल तर दिवा लख्ख पेटतो आणि विद्युतप्रवाह सुमारे दोन अँपिअरच्या वर जात नाही. एचओचे बूस्टर (रुळांना वीज पुरवणारे भाग) बहुधा ३ ते ५ अँपिअर देतात आणि तेवढ्या प्रवाहात केसासारख्या तारांचे आवरण वितळायला वेळ लागत नाही. दिवा न पेटता इंजिन चालले, तर मनावरचे ओझे अर्ध्याने कमी होते.

जवळ एक साधे, जुने, बिनआवाजाचे आणि खात्रीने चालणारे इंजिन नेहमी असावे. माझ्याकडे या कामासाठी राखलेले इंजिन दिसायला अगदी सामान्य आहे, पण घरातील सर्वांत उपयोगी इंजिन तेच आहे.

खोका उघडताना

पार्सल उघडण्याआधी त्यावरचे पत्त्याचे लेबल, सीमाशुल्काची चिकटपट्टी आणि दबलेले कोपरे यांचे फोटो काढावेत. त्यानंतर मोबाइल एका जागी टेकवून, मध्ये न थांबवता, उघडण्याचे संपूर्ण चित्रीकरण करावे. भारतातील विक्रेते हे चित्रीकरण मागतातच. परदेशातील विक्रेत्यालाही वाहतुकीतील नुकसान दाखवायला त्याचा उपयोग होतो. फोमचा प्रत्येक थर कसा बसवला होता त्याचेही फोटो ठेवावेत, कारण वस्तू परत पाठवायची वेळ आली तर ती तशीच बांधावी लागते. पार्सल दमट हवेत फिरून आले असेल, किंवा गार खोलीतून बाहेर काढले असेल, तर दोन-तीन तास ते खोलीत तसेच राहू द्यावे आणि मगच वीज द्यावी.

आपल्याकडे बरीच इंजिने अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याच्या किंवा आतेभावाच्या सामानातून येतात. ही सोय मोठी आहे, पण तिची एक किंमत आहे. दुकानाची परतीची मुदत खरेदीच्या किंवा पोच झाल्याच्या दिवसापासून धावू लागते, आणि खोका त्याच्या कपाटात तीन महिने पडून राहिला तर आपण तो उघडण्यापूर्वीच ती संपते. त्यामुळे ऑर्डर देतानाच दुकानाला ‘पाठवण्यापूर्वी रुळावर चालवून पाहा’ अशी लेखी विनंती करावी. छंदाची जाण असणारी दुकाने हे आनंदाने करतात. बिलाची प्रत मात्र त्याच दिवशी मागून घ्यावी. सहा महिन्यांनी नातेवाइकाला बिल शोधायला लावणे दोघांनाही अवघड जाते.

वीज देण्यापूर्वी डोळ्यांनी

इंजिन मऊ फडक्यावर उलटे ठेवून चाके पाहावीत. चाकांच्या मागच्या बाजूला टेकणाऱ्या तांब्याच्या किंवा ब्राँझच्या बारीक पट्ट्या प्रवासात वाकतात आणि चाकापासून सुटतात. एका बाजूची पट्टी सुटली तरी इंजिन अडखळते. पट्टी टोकाने हलकेच सरळ करता येते, पण त्याआधी फोटो. चाकांवर कारखान्यातील तेल उरलेले असते, ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. इंजिन कानाजवळ धरून हळूच हलवावे. आत काही खडखडले तर सुटा स्क्रू सर्किट बोर्डावर फिरत असण्याची शक्यता असते, आणि अशा इंजिनाला वीज देऊच नये.

सॉकेटमध्ये बसवलेला डीकोडर प्रवासातील धक्क्यांनी अर्धवट सुटलेला असणे, हे माझ्या अनुभवात ‘मृत’ इंजिनाचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. सूचनापुस्तिकेत तेल देण्यासाठी किंवा डीकोडर बसवण्यासाठी बॉडी काढण्याची रीत दिलेली असेल, तर तेवढे उघडायला हरकत नसते; पुस्तिका गप्प असेल तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय उघडू नये. आठ पिनांच्या जुन्या सॉकेटमध्ये डीकोडर उलटा बसला असेल तर इंजिन बहुधा चालते, पण दिवे लागत नाहीत. त्या सॉकेटची रचनाच अशी केलेली आहे की उलट जोडणीने सहसा नुकसान होत नाही. एकवीस पिनांच्या सॉकेटमध्ये एक भोक बुजवलेले असते. तिथे जोर लावला तर पिना वाकतात, म्हणून भिंगातून पाहून दाबावे.

आधी यंत्रणा, मग इंजिन

आता राखीव इंजिन तपासणीच्या रुळावर चालवावे. ते चालले नाही तर नव्या इंजिनाचा विचार बाजूला ठेवून तारा, रूळ आणि कमांड स्टेशन पाहावे. मल्टिमीटर असेल तर एसीच्या पट्ट्यावर रुळांतील दाब (व्होल्टेज) मोजावा. एचओसाठी तो साधारण १४ ते १६ व्होल्टच्या आसपास असतो. डीसीसीचा संकेत काही हजार हर्ट्झचा चौकोनी तरंग असतो आणि साधा मीटर ५० हर्ट्झच्या घरगुती विजेसाठी बनवलेला असतो, त्यामुळे आकडा काटेकोर येत नाही. कमांड स्टेशनच्या टर्मिनलवर आणि रुळाच्या टोकाला आकडा सारखा येतो की नाही, एवढेच पाहायचे.

कमांड स्टेशनच नवे असेल तर सर्वांत आधी त्याच्या अडॅप्टरवरचे बारीक अक्षर वाचावे. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि आपली २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अडॅप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असेल तर केवळ पिनांचा जोड बदलून तो चालतो. फक्त १२० लिहिलेले असेल तर तो आपल्या सॉकेटमध्ये काही क्षणांत जळतो, आणि त्या जळण्याला कोणतीही हमी लागू होत नाही. अशा वेळी तेवढ्याच व्होल्टचा, तेवढाच किंवा अधिक अँपिअरचा आणि त्याच ध्रुवतेचा अडॅप्टर इथे विकत घ्यावा. मूळ अडॅप्टर आउटपुट एसी देणारा होता की डीसी देणारा, हेही न चुकता पाहावे.

प्रोग्रॅमिंग ट्रॅकवरचा पहिला प्रश्न

नव्या इंजिनाला पहिली वीज प्रोग्रॅमिंग ट्रॅकवरच द्यावी, कारण तिथला प्रवाह सुमारे २५० मिलिअँपिअरपुरता मर्यादित असतो. इंजिन ठेवून सीव्ही ८ वाचावा. सीव्ही म्हणजे डीकोडरच्या स्मृतीतील सेटिंगचे क्रमांक लावलेले कप्पे, आणि आठव्या कप्प्यात निर्मात्याचा एनएमआरएने दिलेला क्रमांक असतो : लेन्झ ९९, डिजिट्रॅक्स १२९, साउंडट्रॅक्स १४१, झिमो १४५, ईएसयू १५१, टीसीएस १५३, एनसीई ११. हा कप्पा वाचला गेला तर डीकोडर जिवंत आहे, रुळापासून डीकोडरपर्यंतचा मार्ग नीट आहे आणि उत्तर परत येते आहे, इतक्या गोष्टी एका फटक्यात सिद्ध होतात.

वाचन झाले नाही तर डीकोडर मेला असे समजू नये. डीकोडर उत्तर देतो ते शब्दांत देत नाही. प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर तो सुमारे ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअर जास्त प्रवाह ओढतो आणि कमांड स्टेशन ती उसळी ओळखते. बहुतेक डीकोडर हा जास्तीचा प्रवाह मोटरमधून ओढतात. वाचताना इंजिन किंचित ‘थरथरते’ ते यामुळेच. म्हणून दिवे लागतात, आवाज येतो, पण सीव्ही वाचता येत नाही, अशी लक्षणे एकत्र आली तर पहिला संशय मोटरच्या तारांवर घ्यावा. दुसरीकडे, आवाजाच्या डीकोडरला मोठा कपॅसिटर जोडलेला असेल तर जोडताक्षणी तोच इतका प्रवाह ओढतो की कमकुवत प्रोग्रॅमिंग ट्रॅक गोंधळतो. तेव्हा अधिक ताकदीच्या यंत्रणेवर किंवा प्रोग्रॅमिंग बूस्टर लावून पुन्हा वाचावे.

वाचन जमले की लगेच सर्व सीव्ही जतन करावेत. जेएमआरआय या मोफत प्रणालीतील डीकोडरप्रो हे काम नीट करते. रीसेट करण्याआधीची ही नोंद म्हणजे इंजिन आपल्याकडे कोणत्या अवस्थेत आले याचा पुरावा असतो, आणि कारखान्याने त्या इंजिनासाठी मुद्दाम बसवलेले दिव्यांचे किंवा आवाजाचे आकडेही त्यात सुरक्षित राहतात.

जे दोष नसतात ते

आवाजाचे इंजिन हलत नाही तेव्हा ते बहुधा अजून ‘सुरू’च झालेले नसते. अनेक डिझेलांमध्ये कंट्रोलरवरची एफ८ ही फंक्शनची कळ दाबल्यावर इंजिन सुरू होण्याचा आवाज पूर्ण व्हावा लागतो आणि तोपर्यंत मोटर थांबून राहते. ईएसयूच्या काही आवाजसंचांत ‘ड्राइव्ह होल्ड’ नावाचे फंक्शन असते. ते चालू असेल तर गतीची कळ फिरवल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण चाके फिरत नाहीत. ब्रेकचे फंक्शन चालू राहिले तरी हेच होते. एफ० ते एफ२८ सर्व फंक्शन बंद करून नव्याने सुरुवात करावी.

दुसरी जागा सीव्ही १९. दोन-तीन इंजिने जोडून चालवण्यासाठी दिलेला जोडपत्ता त्यात राहतो, आणि तो शून्य नसेल तर इंजिन आपल्या मूळ पत्त्यावर गतीचे हुकूम ऐकत नाही. दुकानात दाखवण्यासाठी चालवलेल्या ‘नव्या’ इंजिनात हा आकडा कधीकधी उरलेला आढळतो. सीव्ही १९ मध्ये ० लिहिले की इंजिन निमूट चालू लागते.

गती कमी-जास्त करताना समोरचा दिवा लागतो-विझतो, असे दिसले तर सीव्ही २९ पाहावा. कंट्रोलर वेगाच्या २८ टप्प्यांचे संकेत देतो आणि डीकोडर १४ टप्प्यांचा समजतो, या विसंगतीचे हे ठरलेले लक्षण आहे. लहान पत्त्यासाठी सीव्ही २९ ची नेहमीची किंमत ६ असते आणि मोठा पत्ता वापरला की ती ३८ होते. कळ फिरवल्यावर इंजिन बऱ्याच वेळाने निघते, याचे कारण बहुधा सीव्ही ३ मधला वेग घेण्याचा मोठा आकडा असते.

साध्या डीसी कंट्रोलरवर चालवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दोन्ही पद्धतींवर चालणाऱ्या आवाजाच्या इंजिनात डीकोडर जागा व्हायलाच काही व्होल्ट लागतात, त्यामुळे सहा-सात व्होल्टपर्यंत इंजिन जागचे हलत नाही. तो त्याचा स्वभाव आहे.

एवढे पाहूनही वागणूक सुधारली नाही तर कारखान्याच्या मूळ सेटिंगवर आणावे. अनेक डीकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहून हे होते, एनसीईच्या डीकोडरमध्ये सीव्ही ३० मध्ये २ लिहून. आपल्या डीकोडरची रीत पुस्तिकेतच पाहावी. रीसेटनंतर वीज काही सेकंद पूर्ण बंद करून पुन्हा द्यावी.

खरा दोष कुठे आहे ते वेगळे काढणे

आता उरते ते प्रत्यक्ष बिघाडाचे निदान. सॉकेटचा डीकोडर काढून त्या जागी डमी प्लग (रुळाची वीज थेट मोटरला देणारा जोड) बसवावा आणि रुळांना ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवावी. डीसीसीचे कनेक्शन त्याआधी स्विचने पूर्ण तोडलेले असले पाहिजे, अन्यथा कमांड स्टेशनच जाईल. इंजिन बॅटरीवर दोन्ही दिशांना नीट चालले तर मोटर, गिअर आणि तारा ठीक आहेत, आणि दोष डीकोडरमध्ये आहे. बॅटरीवरही चालले नाही तर दोष इंजिनात आहे, आणि त्यात नवा डीकोडर घालून पाहणे धोक्याचे आहे, कारण पहिला ज्याने गेला त्यानेच दुसराही जाईल. काढलेला डीकोडर दुसऱ्या चांगल्या इंजिनात किंवा ईएसयूच्या टेस्टर बोर्डावर लावून पाहिला की निदान दोन्ही बाजूंनी पक्के होते. डीकोडर हाताळण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या धातूला हात लावावा. डिसेंबरच्या कोरड्या हवेत सिंथेटिक कपडे घालून चिप हाताळणे तर टाळावेच.

सॉकेट नसलेल्या, तारांनी जोडलेल्या डीकोडरबाबत मल्टिमीटरची बीप उपयोगी पडते. तारांचे रंग मानकाने ठरलेले आहेत : लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या रुळाकडून, नारिंगी आणि करडी मोटरला, निळी सर्व दिव्यांची समाईक, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. मोटरच्या कोणत्याही टोकाचा चाकांशी किंवा रुळाशी थेट संबंध असता कामा नये; असा संबंध असलेल्या इंजिनात डीसीसीची वीज देताच डीकोडर जळतो. पण डीकोडर जोडलेला असताना मोजलेले आकडे फसवतात, म्हणून तारा सोडवण्यावाचून हे नीट तपासता येत नसेल, तर तिथेच थांबून विक्रेत्याला लिहावे.

माझ्याकडे आलेल्या सहा आसांच्या एका अमेरिकन डिझेल इंजिनाचा दाखला इथे द्यावासा वाटतो. आवाज उत्तम, दिवे सर्व, चाके स्थिर. सीव्ही वाचता येत नव्हते, पण मुख्य रुळावरून लिहिलेला आवाजाचा आकडा मात्र लागू होत होता, म्हणजे डीकोडर ऐकत होता. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बॉडीचे चार स्क्रू काढले आणि बॉडी उचलताच इंजिन चालू लागले. सीव्हीही वाचले गेले. बॉडी बसवली की पुन्हा बंद. भिंगातून पाहिले तेव्हा मोटरकडे जाणारी नारिंगी तार वजनाच्या धातूवरून आडवी गेलेली दिसली, आणि बॉडीचा आतला खांब बरोबर तिच्यावर येत होता. तांदळाच्या दाण्याएवढ्या लांबीत तिचे आवरण चपटे होऊन चकाकत होते आणि आतल्या केसासारख्या तारा तुटल्या होत्या. दाब नसला की त्यांची टोके एकमेकांना टेकत, दाब आला की सुटत. कारखान्यात बॉडी बसवणाऱ्या हाताखाली ती तार अर्धा सेंटिमीटर सरकली होती, एवढाच तो दोष. डाख लावून मी तो दहा मिनिटांत दुरुस्त करू शकलो असतो. मी फोटो काढले, तारेला हात लावला नाही, बॉडी सैल ठेवून खोक्यात घातली आणि विक्रेत्याला लिहिले. परत पाठवण्याचा खर्च पाहून निर्मात्याने उलट उत्तर दिले की, आपण स्वतः तार बदलावी, हमी कायम राहील. ते पत्र माझ्या हाती आल्यानंतरच डाखाची काडी तापली.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. परवानगी आधी, दुरुस्ती नंतर.

रूळबदलाच्या मोटरी, सिग्नल आणि फलाटावरचे दिवे यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. नवी एलईडी पेटून लगेच विझली आणि तिला रेझिस्टर लावला नव्हता, तर तो दोष तिचा नाही; १२ व्होल्टवर १ किलोओहमचा रेझिस्टर हवाच. कॉइलच्या रूळबदल मोटरला क्षणभरच वीज द्यायची असते. बटण अडकून ती जळाली तर तक्रार टिकत नाही.

चांगल्या निघालेल्या इंजिनालाही हमीच्या आतच पूर्ण कामाला लावावे. इलेक्ट्रॉनिक भागांतील कच्चेपणा बहुतेकदा पहिल्या काही तासांत उघड होतो, म्हणून दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास, मग पूर्ण गाडी ओढत, सर्व दिवे आणि आवाज चालू ठेवून ते चालवावे. कपाटात शोभेसाठी ठेवलेल्या इंजिनाचा दोष हमी संपल्यावर कळतो.

तक्रार कशी लिहावी

तक्रारीत राग असू नये आणि मोघमपणाही असू नये. ‘इंजिन चालत नाही’ या वाक्यावर कोणताही तंत्रज्ञ काही करू शकत नाही. त्याऐवजी पुढील धर्तीवर लिहावे : ‘अमुक क्रमांकाचे इंजिन अमुक तारखेला मिळाले. कमांड स्टेशन अमुक, रुळातील दाब १५ व्होल्ट. त्याच रुळावर दुसरे इंजिन व्यवस्थित चालते. सीव्ही ७ (डीकोडरची आवृत्ती) आणि ८ ची वाचलेली मूल्ये अशी. सीव्ही १९ शून्य आहे. कारखाना सेटिंगवर आणले, फरक नाही. डमी प्लग लावून ९ व्होल्टवर इंजिन दोन्ही दिशांना चालते, त्यावरून दोष डीकोडरमध्ये असल्याचे दिसते. तीस सेकंदांचे चित्रीकरण सोबत आहे. मला डीकोडर बदलून हवा आहे.’ शेवटचे वाक्य विसरू नये. मॉडेल इंजिने मर्यादित संख्येने, एका खेपेत बनतात. खेप संपली की बदली इंजिन मिळतच नाही. म्हणून बदली, दुरुस्ती की पैसे परत, यांतले आपल्याला काय हवे ते पहिल्याच पत्रात सांगावे. आधी विक्रेत्याला आणि त्याच पत्राची प्रत निर्मात्याला, असा क्रम ठेवावा. फोनवर बोलणे झाले असेल तर त्याचा सारांश त्याच दिवशी ईमेलने पाठवावा.

विक्रेता भारतातील असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्या बाजूला आहे. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याच वर्षीच्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि एका महिन्यात निवारण करायचे असते. उत्तर आले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तेवढ्यानेही काम झाले नाही तर जिल्हा आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातच, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही.

परदेशातील विक्रेत्याबाबत आपला हात पैसे ज्या मार्गाने दिले तिथपर्यंतच पोहोचतो. पेपलने पैसे दिले असतील तर १८० दिवसांच्या आत वाद नोंदवता येतो. कार्डाने दिले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो, मात्र त्याची मुदत बँकेला लगेच विचारावी. ‘बदली इंजिन पुढच्या खेपेत येईल’ अशा आश्वासनावर थांबून ही मुदत उलटू देऊ नये. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी छंदिष्टांना २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे परत मागण्याचा हक्क आहे, आणि युरोपीय संघातील देशांत किमान दोन वर्षांची कायदेशीर हमी मिळते. ती विक्रेत्याची जबाबदारी असते, त्यामुळे ‘निर्मात्याला विचारा’ हे उत्तर तिथे मान्य करू नये.

परत पाठवताना आणि परत आल्यावर

शक्य असेल तर फक्त डीकोडर पाठवावा. पूर्ण इंजिनाच्या तुलनेत त्याचे वजन नगण्य असते आणि वाटेत मोडण्यासारखे त्यात काही नसते. तो स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या (अँटिस्टॅटिक) पिशवीत घालून कडक पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवावा. पूर्ण इंजिन पाठवायचेच असेल तर मूळ फोम, मूळ खोका आणि त्याबाहेर चहूबाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरण असलेला दुसरा खोका हवा. इंजिनासोबतचे सुटे भाग, म्हणजे पायऱ्या, शिट्टी, कपलर, यांची पुडी घरीच ठेवावी. बिनतारी कंट्रोलर परत पाठवत असाल तर त्यातील बॅटरी काढून ठेवावी. लिथियम बॅटरीवर हवाई टपालात कडक निर्बंध आहेत आणि त्यापायी पार्सल अडकते.

कुरिअरच्या कागदांवर ‘हमीखाली दुरुस्तीसाठी परत’ असे स्पष्ट लिहावे, मूळ बिलाची आणि पहिल्या खेपेस भरलेल्या सीमाशुल्काची पावती जोडावी आणि या सगळ्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. ही कागदपत्रे नसतील तर दुरुस्त होऊन आलेले इंजिन नवी आयात समजून त्यावर पुन्हा शुल्क लागण्याची भीती असते. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. पार्सल त्या वर्गात धरले गेले तर दुसऱ्यांदा शुल्क भरणे म्हणजे इंजिन जवळजवळ पुन्हा विकत घेणे होय.

बदली वस्तू आली की तिलाही पहिल्यापासून सर्व पायऱ्या लावाव्यात : चित्रीकरण, चाके, सीव्ही ८, मग दिव्यातून मुख्य आउटपुटची पहिली वीज. बदलून आलेला डीकोडर दुसऱ्या इंजिनाच्या आवाजसंचासह येऊ शकतो, तेव्हा जतन केलेले मूळ सीव्ही त्यात लिहिण्यापूर्वी संच तोच आहे ना, हे पाहावे. मी प्रत्येक इंजिनासाठी वहीचे एक पान ठेवतो. त्यावर खरेदीची तारीख, विक्रेता, डीकोडरचा क्रमांक, सीव्ही ७ आणि ८, आणि हमी संपण्याची तारीख लाल शाईने लिहिलेली असते. त्या तारखेच्या महिनाभर आधी इंजिन कपाटातून काढून तासभर चालवतो, आणि त्या दिवशीची नोंद त्याच पानावर खाली करतो.